पूर्ण नाव

वणी,
१२ डिसेंबर

बाबा,

नमस्कार. पत्रात ‘तीर्थरूप’ लिहायचं असतं, पण मी अजून रागात आहे, म्हणून नुसतं बाबा.

आई बरी आहे. धाकट्या नयनचा दात पडला. त्याने तो छपरावर फेकला, तर टिनावरून घरंगळत परत अंगणात. आता नवा दात येणारच नाही म्हणून भोकाड पसरून बसला होता.

मामा तुमचा निरोप घेऊन आले. दिपालीला कळंबच्या शाळेत घाला, इथे पोरं तिला जगू देणार नाहीत. तुमचा ट्रक चोरीच्या कोळशासकट पकडला, त्याच आठवड्यात माझ्या बाकावर कोणीतरी कोळशाचा खडा ठेवला, हे खरं आहे. मी तो घरी आणला. आई म्हणाली, “अजून चार आणजो, शेगडीले होतात.” त्या दिवशी आम्ही कितीतरी दिवसांनी हसलो.

लागलं ते वेगळंच. लांब उडीत मी तालुक्यात पहिली आले. परिपाठाला सर बक्षिसांची नावं घेत होते, सगळ्यांची बापाच्या नावासकट. माझ्यापाशी थबकले आणि म्हणाले, “दिपाली डाहुले.” मधलं नाव गाळलं. त्यांना माझी दया आली होती. त्यापेक्षा तो खडा परवडला.

मी जागची हललेच नाही. “सर, पूर्ण नाव घ्या.”

सर जवळ येऊन हळूच म्हणाले, “अवं, तुह्यासाठीच सोडलं मी.”

“मले पूर्णच पाह्यजे.”

त्यांनी घेतलं. मागे कोणीतरी खिदळलं. मग माझी मैत्रीण नाहिद टाळ्या वाजवू लागली. एकटीच, पण थांबेचना. शेवटी बाकीच्यांनाही वाजवाव्या लागल्या.

नाव लावते म्हणजे माफ केलं असं समजू नका. ट्रकमध्ये काय भरलंय ते तुम्हाला माहीत होतं. तुम्ही चुकलात, बाबा. पण चुकलेले असलात तरी माझेच आहात. तुम्हाला गाळून मला बक्षीस नको.

कळंबला मी चिंतामणीच्या दर्शनाला जाईन, शाळेला नाही.

मागच्या वेळी आम्ही तुरुंगात भेटायला आलो आणि तुम्ही बाहेरच आला नाहीत. तब्येत ठीक नव्हती, असं मामा म्हणाले. आईने मानलं, मी नाही. सोमवारी पुन्हा येतोय. पदक घालून येते. तिथेही पूर्ण नावच पुकारतात ना? तुमचं पुकारलं की मान वर करून या. मीही बक्षीस घ्यायला तशीच गेले होते.

तुमचीच,
दिपाली मारोतराव डाहुले