गुम्मनगुसुक म्हणजे काय

६ फेब्रुवारी १९७९, मंगळवार

आज पुन्हा तो शब्द! गुम्मनगुसुक!

वेणी — माझी धाकटी नणंद — पाट मांडत होती. सासूबाई तिला दोनदा काही म्हणाल्या, हिनं ढुंकूनही पाहिलं नाही. "बघ की, कशी गुम्मनगुसुक आहे ही," सासूबाई मला म्हणाल्या. लग्न होऊन मिरजेहून इकडे कानडी मुलखात आले त्याला दोन महिने झाले. रोज चार कानडी शब्द शिकते, पण हा काही पकडीत येत नाही. ह्यांना विचारलं. "म्हणजे... वरून गप्प, आत काहीतरी चाललेलं. तसलं." मामंजी म्हणाले, "मांजर डोळे मिटून दूध पितं ना, ते." शेजारच्या नागरत्नाबाई नुसत्याच हसल्या.

आमच्याकडे घुमी म्हणतात. पण घुमी रुसलेली असते, ही रुसलेली दिसत नाही. आतल्या गाठीची म्हणावं, तर तेवढी कावेबाजही नाही.

९ फेब्रुवारी

वेणीशी गप्पा मारून पाहिल्या. "हं," म्हणाली. चोवीस वर्षांची, बी. ए. झालेली पोरगी — आणि दिवसभरात तीन वेळा हं!

१३ फेब्रुवारी, मंगळवार

दर मंगळवारी वेणी फुलं आणायला देवराज मार्केटात जाते. आज मीही सुया-दोरा आणायला तिच्या मागोमाग निघाले. हाक मारणार, तर ती मार्केटकडे वळलीच नाही. मानसगंगोत्रीच्या बसमध्ये चढली! दोन तासांनी परतली, हातात शेवंतीची माळ. "गर्दी होती," एवढंच.

मानसगंगोत्रीला युनिव्हर्सिटी आहे. मुलं आहेत. मास्तर आहेत.

मन थाऱ्यावर नाही.

१५ फेब्रुवारी

सांगून टाकलं सासूबाईंना. का सांगितलं? कृष्णराजनगरचं स्थळ आलंय — मनोहरराव, हायस्कुलात मास्तर. चार मार्चला बघायला येणार आहेत. उद्या काही निघालं, तर घराची अब्रू — असं काहीबाही मनात होतं. की नुसतंच कळलेलं पोटात राहत नव्हतं?

ओरडतील वाटलं. ओरडल्या नाहीत. दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "कुणाकडे बोलू नकोस. सुम्ने रहा." म्हणजे गप्प बस. वेणीचं बाहेर जाणं बंद.

२० फेब्रुवारी, मंगळवार

नऊ वाजता वेणी साडी बदलून खिडकीशी बसली. अकराला उठली, साडी सोडली, घडी घातली. मला जेवण गेलं नाही.

२१ फेब्रुवारी

आज तिची माफी मागायची म्हणून गेले. पाठमोरी बसून गहू निवडत होती. दारातूनच म्हटलं, "वेणी, मीच सांगितलं गं आईंना. चुकलं माझं." उत्तर नाही. पुन्हा म्हटलं. नाही. तिसऱ्यांदा म्हणताना मला रडू आलं — आणि रागही आला. एवढा काय तो ताठा! जाऊन खांद्यावर हात ठेवला. ती अशी दचकली की सूप उलटलं.

"अय्यो! कधी आलीस, वैनी?"

खोटं नव्हतं ते. तिचा चेहरा पाहिला मी.

गहू भरता भरता सगळं सांगितलं तिनं. चार वर्षांपासून ऐकू कमी येतंय. समोरच्याचे ओठ दिसले तर कळतं, पाठीमागचं नाही. न कळता काही बोललं तर लोक हसतात, म्हणून "हं." मानसगंगोत्रीत कानाची तपासणी होते, तिथे ती जात होती. एकटी. "आईला सांगू नको हां. लग्न व्हायचं नाही म्हणते ती अशा पोरींचं. एकीशी तसं बोलताना ऐकलंय मी तिला," म्हणाली, आणि मग हसली — "ऐकलंय काय, बघितलंय."

मी काय काय समजले होते! देवा.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

"ब्लाऊज शिवायला टाकायचंय, वेणीला सोबत नेते." या घरातली माझी पहिली थाप. सासूबाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग "लवकर या" म्हणाल्या.

मानसगंगोत्रीत वेणीला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर ते जाडजूड यंत्र. आवाज आला की बोट वर करायचं. बाहेर तपासणाऱ्या बाई बटण फिरवत होत्या. वेणी अगदी परीक्षेला बसल्यासारखी. बाई फिरवतात, फिरवतात — बोट मांडीवरच. मी इकडे मनात म्हणतेय, कर गं वर, कर! केव्हातरी एकदाचं उठलं.

दोन्ही कान अधू, डाव्याला तर यंत्रच लावावं लागेल. बसमध्ये ती खूप बोलली. बडबडी आहे मुलगी!

४ मार्च, रविवार

आले. मनोहरराव, त्यांची आई, एक काका. काकांनी खाली मान घालून, पानाला चुना लावता लावता विचारलं, "संगीत येतं का?" वेणी गप्प. सासूबाई घाईघाईनं, "लाजते हो, पहिल्यापासूनच गुम्मन—"

वेणी म्हणाली, "मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. माझ्याकडे बघून विचारा, सांगते."

काका चुन्याच्या डबीकडेच बघत राहिले. मनोहरराव मात्र खरंच तिच्याकडे बघून बोलले, दोन-तीन वाक्यं. त्यांच्या आईनं चहा अर्धाच ठेवला.

ती माणसं गेल्यावर सासूबाई माझ्यावर तुटून पडल्या. "तूच शिकवलंस! तीन महिन्यांत घर उघडं पाडलंस!" वेणी मधे आली. हे बाहेर निघून गेले.

रात्रभर डोळा नाही.

१२ मार्च

कृष्णराजनगरचं पत्र. पत्रिका जमत नाही.

"पत्रिका बघूनच तर आले होते," वेणी म्हणाली, आणि पत्र मामंजींच्या हातात देऊन आत गेली. सासूबाई संध्याकाळपर्यंत पडूनच होत्या.

१३ मार्च, मंगळवार

आम्ही मानसगंगोत्रीला निघालो तर सासूबाई दाराशी, चपला घालून. वेणी पुढे पायऱ्या उतरत होती. मला म्हणाल्या, "मलाही घेऊन चल. माझाही डावाच कान. वेणीच्या वेळच्या बाळंतपणापासून."

"म्हणजे तिचं तुम्हाला ठाऊक होतं?"

"माझीच पोर ती. ठाऊक नसेल होय? कुणी बहिरी म्हणायच्या आत मीच गुम्मनगुसुक म्हणायला लागले. गप्प पोरीचं तरी लग्न होतं गं."