जिन्याखालचा सर्व्हर

२४ एप्रिल, गुरुवार

लिहायला फार उशीर झाला, माफ कर. होळीपासून या वहीला हात नाही. जळगावात ऊनच असं पडलंय की पेन धरलं तरी घाम कागदावर उतरतो.

जिन्याखालच्या कपाटातलं काळं खोकं घरघरतंय. समाधान त्याला सर्व्हर म्हणतो. पोरगा पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करतो. त्याचं काम, घरादाराचे फोटो, अंगणातला कॅमेरा — सगळं त्या खोक्यावर चालतं. आज म्हणाला, "नाना, याचं वय झालं. नवीन मागवलाय." वय झालं की बदलायचं. 

आखाजी, आमची अक्षय्य तृतीया, जवळ आली म्हणून अंगणातल्या निंबाला झोका बांधला. बायको, पुष्पाबाई, म्हणाली, "कोण बसणार आहे त्याच्यावर?" दरवर्षी विचारते. झुंबरअक्का, माझी मोठी बहीण, आखाजीला माहेरी यायची, याच निंबाला झोके घ्यायची. मग समाधानच्या लग्नात माईकवाल्याने मानाच्या टॉवेल-टोपीसाठी सगळ्या पाहुण्यांची नावं पुकारली, दाजींचं तेवढं राहिलं. अक्का भरल्या ताटावरून उठली ती सरळ दोंडाईचाला गेली. तेव्हापासून ना राखी, ना फोन. मीही केला नाही. मी काय मुद्दाम केलं होतं?

२५ एप्रिल

घडू नये ते घडलं.

दुपारी खोक्याला हात लावला तर चटका बसला. घरात कोणी नाही. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होतो तेव्हा मोटर तापली की आम्ही तिच्यावर ओलं पोतं टाकायचो. तसंच टाकलं. चांगलं पिळून टाकलं होतं. थोड्या वेळाने घरघर थांबली. मला वाटलं, जिवाला गार वाटलं असेल.

मेलं होतं.

समाधानने पोतं उचललं आणि नुसता बघत राहिला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "नाना, हा काय पाण्याचा रांजण आहे का?" मग त्यानेच समजूत घातली — सगळं आधीच दुसरीकडे उतरवून ठेवलंय, काही गेलं नाही. नवीन येईपर्यंत कॅमेरा तेवढा बंद.  अक्षर बघ कसं आलंय.

२६ एप्रिल

सकाळी ओट्यावर दात घासत होतो. शेजारचा अभिमन धोतर सावरत, धापा टाकत आला आणि मला बघून मटकन खाली बसला.

"नाना, तू जित्ता शेस?"

"का रे, तुला काय घाई?"

म्हणे दोंडाईचाहून फोन आला होता. समाधानचा लागत नव्हता, तो फोन बंद करून मशीन उघडून बसलेला. म्हणून अभिमनला केला. अक्का रडत होती. "मना भाऊ बरा शे का, देखी ये."

माझी अक्का! आणि मला काही झालं असेल, हे तिच्या मनात आलं कसं? पुष्पाबाईकडे वळलो. ती पिठाच्या हातांनी आत निघून गेली.

२७ एप्रिल

सांगितलं शेवटी दोघांनी. करोनाच्या साली समाधानने अंगणातला कॅमेरा अक्काच्या घरच्या मोबाईलवर जोडून दिला. तेव्हापासून मी रोज दोंडाईचात दिसतो. परवा कॅमेरा काळा पडला. तिला वाटलं, उन्हाने भाऊ गेला आणि आपल्याला कोणी कळवत नाही.

बायकोला माहीत, पोराला माहीत. मलाच नाही. मी उघड्या अंगाने बसतो, नाक शिंकरतो, एकटाच बडबडतो — सगळं तिकडे! ताट तसंच सरकवलं.

पुष्पाबाई ताट उचलताना म्हणाली, "झोका बांधता तोही दिसतो त्यांच्याकडे. कोणासाठी बांधता, ते अक्कांना विचारावं लागत नाही."

२८ एप्रिल

नवीन सर्व्हर बसला. जेवणाच्या डब्याएवढा. आवाज नाही. चालू आहे की नाही कळत नाही, मी दोनदा कान लावून आलो. समाधानने कपाटाला कुलूप घातलंय. पोत्याच्या धाकाने.

म्हणाला, "सगळी जोडणी नव्याने करायचीय. अक्कांच्या घरची करू? या वेळी तुम्हाला विचारून करतो."

संध्याकाळी झोक्याची गाठ पुन्हा आवळली. मग म्हणालो, "जोड."

२९ एप्रिल

ट्रंकेतून दाजींची टॉवेल-टोपी काढली. लग्नापासून घडीही मोडलेली नाही. फोन करायला जीभ रेटत नाही. म्हणून आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि झोक्याजवळ उभा राहिलो. दोन्ही हातांवर टॉवेल, त्यावर टोपी, तोंड कॅमेऱ्याकडे. हात भरून आले तरी उभा.

अभिमन कुंपणावरून म्हणाला, "काय लिलाव शे, नाना?"

हसू दे. अक्काला कळेल. तिला फोडून सांगावं लागत नाही.

दिवसभर फोन नाही.

३० एप्रिल, आखाजी

अक्काची सून नूतन हिचा फोन आला. अक्काला दिसत नाही. दोन्ही डोळे गेले, मागच्या आखाजीच्याही आधी. तिने कोणाला कळवू दिलं नाही. रोज सकाळी नूतन मोबाईल बघते आणि तिला सांगते — नाना ओट्यावर आले, चहा घेतला, खोकले.

"काल तुम्ही टॉवेल वाळवत होता ना, नाना? तसं सांगितलं मी त्यांना."

पांढऱ्या टॉवेलवर पांढरी टोपी. कॅमेरा तेवढा उंच. आणि ही पोर त्या लग्नानंतर अक्काच्या घरात आलेली. तिला काय ठाऊक? मी सांगितलं तो टॉवेल कसला, कोणाचा.  मग "सांगते" म्हणाली आणि फोन ठेवला.

झोका रिकामा हलतोय. नूतन, पोरी, अक्का काय म्हणाली ते लवकर कळव. मी ओट्यावरच बसलोय. दिसतोय ना?