निशाण चढवायच्या आधी

वुनसॉकेट, ऱ्होड आयलंड
रविवार, १९ एप्रिल १८८५

प्रिय कॉन,

तुझं पत्र मंगळवारी पोचलं, खुशाली कळली. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. ईस्टर होऊन गेला तरी थंडी हलायला तयार नाही. नदीकाठची गिरणी पुन्हा पूर्ण पाळीने सुरू झाली आणि मी परत मागावर जाते आहे. आमच्या रोझीचे पुढचे दात आले. तुझी ती लंगडी कोंबडी अजून जिवंत आहे. अंड्याचं नाव नाही, तोरा मात्र राणीचा.

दादाचा, म्हणजे माझ्या मॅलकीचा, हात बरा आहे का, असं विचारलं आहेस. बरा आहे.

फादर क्रीडन प्रवचनातसुद्धा तुझं नाव घेतात. आपल्या गावच्या पोरानं बेसबॉलचं विजेतेपद आणलं म्हणतात. न्हाव्याच्या दुकानात तुझं चित्र लावलंय, मिशांना पीळ भरलेलं. परवा मिसेस डुलीनं मला रस्त्यात गाठलं. "कॉन लग्नाचं बघतोय का गं?" मी म्हटलं, "तुम्हीच लिहून विचारा. कॅप्टनसाहेब पत्रं लिहितात हो, अख्खा हिवाळा गेल्यावर का होईना!"

तोंड सुटलंच आहे, तर आता पुढचंही ऐक.

गेल्या मोसमात तुम्ही जे जिंकलात ते कुणाच्या हातांवर? तुझा तो वेगाचा चेंडू झेलायला फलंदाजाच्या मागे मॅलकीशिवाय दुसरा कुणी उभा राहिला की चेंडू थेट कुंपणाला. तू फेकायचास आणि लोक टाळ्या पिटायचे. तो झेलायचा, उघड्या हातांनी. हातमोजा घातला की तुम्ही माणसाला बायल्या म्हणता ना! उन्हाळाभर शहरातल्या त्या भाड्याच्या खोल्यांत आपण एकत्र राहिलो, तू माझ्याच हातचं जेवलास. रोज संध्याकाळी तो मिठाच्या पाण्यात हात बुडवून बसलेला तुला दिसत नव्हता का? सामन्याच्या दिवशी सुजलेल्या तळव्याशी कच्च्या मांसाची चकती बांधून जायचा. आपल्या ताटात बटाटे, आणि मांस त्याच्या तळव्याला.

तरी मी बोलले नाही. खेळणं त्याच्या आवडीचं होतं. तुझा चेंडू हातात बसला की त्याचा चेहरा असा काही फुलायचा, की मी गप्पच राहायचे.

पण शेवटचा सामना मी विसरणार नाही. मी जाळीच्या मागे, अगदी त्याच्या पाठीशी बसले होते. तुला वाटत असेल, वहिनी लांब होती, तिला काय ऐकू येणार! मला शब्दन् शब्द ऐकू आला.

बॅटला घासून चेंडू आला आणि त्याच्या बोटाचं हाड कातडीतून बाहेर निघालं. तेव्हा पाहुण्या संघाचा तो जाडा जर्मन कॅप्टन स्वतः चालत आला. समोरच्या कॅप्टननं हो म्हटल्याशिवाय तुम्हाला मधेच माणूस बदलता येत नाही. तुमचा नियमच तो. त्या माणसानं तुम्ही न मागता हो म्हटलं. "बदला याला. माझी काही हरकत नाही. अहो, हाड दिसतंय त्याचं!"

आणि तू हसलास. "क्विल्टीच्या घरातला माणूस एका बोटासाठी बसत नाही. काय रे दादा, खरं ना?"

भरल्या मैदानात विचारलंस. काय म्हणणार होता तो? त्यानं मान हलवली. त्या मानेचा राग मला आजही येतो, पण ती हलवायला लावलीस तू. कारण तुला पक्कं ठाऊक होतं, दादा उठला की तुझा चेंडू झेलणारं कुणी नाही, आणि विजेतेपद गेलं. पुढचे सगळे डाव तो त्याच हातानं झेलत राहिला. सामनाभर चेंडू एकच, शेवटी तो काळपट तांबडा पडला होता. तुम्ही जिंकलात. लोकांनी तुला खांद्यावर घेतलं. मॅलकीच्या हाताला मी माझा परकर फाडून बांधला.

हात बरा आहे, असं मी वर लिहिलं. खोटं लिहिलं. जखम चिघळली. नाताळच्या आधी डॉक्टरांनी उजव्या हाताची दोन बोटं काढली. तिसरं वाकत नाही. तुला कळवायचं नाही म्हणून मॅलकीनं मला शपथ घातली होती. म्हणाला, "कॉन मनाला लावून घेईल गं." मनाला! कुणाकडून तरी ते संघाच्या मालकांच्या कानावर गेलं, त्यांनी चेंडू झेलायला दुसरा कॅचर नेमला, आणि तू मला लिहितोस, "दादाच्या जागी क्लीव्हलँडचा एक जण घेतला आहे. वहिनी, दादाला तूच सांग. तो तुझं ऐकतो. माझ्या अगदी जिवावर येतं."

तुझ्या जिवावर येतं! खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ पाहिले, कॉन. तू तर वासाच काढून नेलास, आणि वर म्हणतोस, छप्पर पडल्याचं घरच्यांना तूच कळव.

त्याला वाचता येत नाही, म्हणून पत्र मीच वाचलं. चुलीशी बसून तो वाट बघत होता.

"काय लिहितोय आपला कॉन?"

"हाताची चौकशी केलीय."

"आणि सराव कधीपासून म्हणतो?"

मी म्हटलं, त्याबद्दल काही लिहिलं नाही. तर हा हसला. "गडबडीत असेल. मला वेगळं कशाला कळवायला हवं? कॅचर नसला तर तो चेंडू फेकणार कुणाला?"

रोज दुपारी तो चर्चच्या भिंतीवर चेंडू मारतो आणि परत आलेला झेलतो. दहातले सात सुटतात. घरी येऊन म्हणतो, "आज बरे बसले गं हातात." मी जेवायला वाढते. मला तुझा संताप येतो, कॉन.

मी त्याला सांगणार नाही. तेव्हा माणूस बदलायचा होता, तर तुझ्या तोंडून नाही निघालं. आता बदललायस ना? मग तेही तुझ्याच तोंडून निघू दे. ये आणि त्याच्यासमोर बसून सांग. तो रडेल, कदाचित तुलाच धीर देईल. तेही सोस.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी तुम्ही विजेतेपदाचं निशाण चढवणार आहात, हे गावभर झालंय, त्यालाही कळलंय. त्याआधी आला नाहीस, तर मी त्याला अडवणार नाही. त्याचा गणवेश धुऊन ठेवलाय. बटणं मी लावून देईन, त्याला आता लावता येत नाहीत. बँड वाजेल, निशाण वर जाईल, आणि मॅलकी चालत येऊन तुझ्यासमोर आपल्या जागी ओणवा उभा राहील, हात पुढे करून. मग साऱ्या शहरादेखत सांग त्याला, बाजूला हो म्हणून.

शेवटी आशीर्वाद लिहायची रीत आहे. तो तू दारात आलास की देईन.

होनोरा वहिनी