छताची पट्टी आणि आठ कोपरे

ती. वन्संना नमस्कार.

तुमची पाठ आता कशी आहे ते आधी कळवा. डॉक्टरांनी दिलेला पट्टा तुम्ही कपाटात ठेवून दिला असणार आणि आम्हाला मात्र “रोज लावते” असं लिहिणार, हे मला ठाऊक आहे, तरी विचारते. इकडे आम्ही दोघं ठणठणीत आहोत. यांचा उजवा खांदा थोडा धरलाय, पण त्यात काळजी करण्यासारखं काही नाही. (कौतुक करण्यासारखं आहे. पुढे येईलच.) तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तराला उशीर झाला, तर त्याचा दोष मी माझ्याकडे घेणार नाही. तो तुमच्याकडे जातो. रागावू नका, सगळं सांगते.

मागे तुम्ही आलात तेव्हा पाठीमुळे आठ दिवस पुढच्या खोलीतल्या दिवाणावर आडव्या होतात. सहाव्या दिवशी तुम्ही वर बघत म्हणालात, “छत आणि भिंत मिळतात तिथली रेघ किती वेडीवाकडी दिसते रे. आमच्याकडे पट्टी बसवल्यापासून कसं नीटनेटकं वाटतं.” एवढं बोलून तुम्ही चहा मागितलात आणि विसरून गेलात. तुमचे बंधू विसरले नाहीत. पस्तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लोकांच्या बिलांवरच्या शिव्या हसत ऐकलेला हा माणूस, स्वतःच्या घराबद्दल मात्र अर्धा शब्द ऐकून घेत नाही. आणि तो अर्धा शब्द बहिणीचा असेल तर झोप उडते. तुम्ही गेल्यापासून हे खोलीत शिरताना मान वर करूनच शिरायला लागले. दोनदा स्टुलाला अडखळले. आलेल्या माणसाला खिडकीकडे तोंड करून बसवायचे, म्हणजे वाकडी बाजू त्याच्या पाठीमागे जावी. (चारही बाजू वाकड्या आहेत, हे बसणाऱ्याला दोन मिनिटांत कळायचं.)

शेवटी यांनी पट्टी बसवणारा एक माणूस बोलावला. त्याचं नाव काय ते मी विचारलं नाही, मी त्याला टायवाले म्हणते, कारण आमच्या घरात टाय लावून आलेला तो पहिलाच. त्याने लेझरचं यंत्र भिंतीला लावलं, लाल ठिपका समोरच्या भिंतीवर नाचला आणि तुमचे बंधू त्या ठिपक्याकडे असे बघत राहिले की आता हा माणूस काहीही मागेल आणि हे देतील, हे मी शिलाई मशीनवर बसल्या बसल्या ओळखलं. दुसऱ्या दिवशी कागद आला. चौदा बाय अकराची आपली खोली, त्यात लांब भिंतीच्या मध्ये तो एक फूट पुढे आलेला खांब, म्हणजे एकूण बावन्न फूट. टायवाल्यांनी धरले साठ. पट्टी सहा हजार सहाशे, बसवणावळ अकरा हजार चारशे, वर उभं राहून काम करायच्या परांचीचं भाडं दोन हजार चारशे, फटी भरणं आणि रंग तीन हजार आठशे. आणि कोपरे, आठ कोपरे, प्रत्येकी नऊशे, सात हजार दोनशे. एकूण एकतीस हजार चारशे.

मी विचारलं, बावन्नाचे साठ कसे झाले. ते म्हणाले, “मॅडम, कापताना पंधरा टक्के वायाच जातं.” वन्सं, मी सत्तावीस वर्षं लोकांची कापडं कापते. कमी पडलेल्या कापडातून पुऱ्या बाह्या काढल्याबद्दल माझ्याकडे बायका दुसऱ्या गावाहून येतात. पंधरा टक्के वाया घालवून वर त्याचीही शिलाई लावणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. आणि आठ कोपरे कसे, खोलीला तर चारच असतात, असं हे म्हणाले, तेव्हा टायवाल्यांनी खांबाचे चार मोजून दाखवले. (हे मात्र त्यांचं खरं होतं. दोन आत जाणारे, दोन बाहेर येणारे.)

आता खरी गोष्ट. माझ्याकडे चोवीस हजार बाजूला होते. कापडाची कड कापत कापत शिवणारं ते नवं मशीन घ्यायचं म्हणून दोन वर्षं फॉल, चेन आणि उंची कमी-जास्त करण्याच्या कामातले मी ते ठेवत आले होते, आणि यांना ते माहीत होतं. जेवताना हे म्हणाले, “मशीन पुढच्या वर्षी घेऊ. ताईला एकदा नीट दाखवू दे घर.” मी काही बोलले नाही. तुम्ही मला ओळखता. मी बोलत नाही तेव्हा तुमचे बंधू ताटातली भाजी संपल्यावरही ताटात बघत राहतात. मी नाही म्हटलं असतं तर यांनी ऐकलं असतं, हेही मला ठाऊक होतं; पण मग हा माणूस जन्मभर मान वर करून घरात शिरला असता, आणि स्टूल आमच्याकडे एकच आहे.

म्हणून मी मधला मार्ग काढला. माझ्या मशीनचं टेबल ज्यांनी केलं त्या सुतारांना बोलावलं. वयाने आमच्याएवढेच, कमी बोलणारे, कानावर पेन्सिल. ते म्हणाले, पट्ट्या तुम्ही दुकानातून आणा, मी दिवसाचे पंधराशे घेईन. हलकी, दाबलेल्या फोमची, रंगवली की लाकडासारखी दिसणारी पट्टी, आठ फुटांची एक, चारशे पस्तीसला. आम्ही सात आणल्या. (हे त्या बसच्या खिडकीतून बाहेर काढून आणू म्हणत होते. कंडक्टरने आम्हाला चढूच दिलं नाही, म्हणून अडीच किलोमीटर हे पुढे आणि मी मागे, खांद्यावर पट्ट्या घेऊन चालत आलो. वाटेत एका गृहस्थाने टोपी काढून हात जोडले. आम्ही काय घेऊन चाललो आहोत असं त्याला वाटलं, ते मी यांना सांगितलं नाही.)

सुतारांनी सकाळी नऊला सुरुवात केली. त्यांच्याकडे खाचा पाडलेली लाकडी पेटी असते, तिच्यात पट्टी ठेवून करवत चालवली की बरोबर पंचेचाळीस अंशांत कापली जाते. दोन तुकडे कोपऱ्यात एकमेकांना टेकवले की काटकोन. मोठी सुंदर युक्ती आहे, फक्त त्यासाठी भिंतीही काटकोनात लागतात. पहिल्या कोपऱ्यात टेकवले तर मध्ये करंगळी जाईल एवढी फट. थोडं तासलं, फट खालून मिटली आणि वरून उघडली. दुपारपर्यंत दोन पट्ट्या तुकडे तुकडे होऊन दिवाणावर पडल्या होत्या. तीन वाजता सुतार शिडीवरून उतरले, चहा प्यायले आणि म्हणाले, “माझी करवत सरळ आहे. घर वाकडं आहे.” यांनी पंधराशे त्यांच्या हातावर ठेवले आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. मी डोकावले तर हे पलंगाच्या काठावर बसून भिंतीवर तळहात फिरवत होते, आजारी जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. वन्सं, तोपर्यंत मला मशीनची काळजी होती. त्यानंतर मला राग आला.

मी दार लावलं, शिडीवर चढले (सुतार रागात शिडी आणि पेटी दोन्ही विसरून गेले होते) आणि कोपऱ्याकडे नीट बघितलं. घर वाकडं आहे म्हणजे काय? माझ्याकडे येणारं कोणतं माणूस सरळ असतं? एक खांदा खाली, एक वर, कुणाची मान पुढे, कुणाची पाठ बाकदार. त्यांना काय मी सांगते, माझी कात्री सरळ आहे, तुम्ही वाकडे आहात? मी माप घेते. मग मी कागद आणला, ज्याच्यावर कॉलरचे नमुने कापते तो जाड पिवळा, आणि एकेका कोपऱ्यात दाबून बसवून त्याची घडी घेतली. एकही कोपरा दुसऱ्यासारखा नव्हता. आणि दुसरी गोष्ट लक्षात आली. सुतार दोन तुकड्यांची तोंडं एकमेकांना भिडवत होते. आपण शर्टाचा खिसा चौकटीच्या कापडावर लावताना असं करतो का? खालचं कापड तसंच जाऊ द्यायचं आणि वरचं त्याच्या रेघांबरहुकूम कापून त्याच्यावर बसवायचं. तसंच केलं. एक पट्टी सरळ भिंतीपर्यंत नेऊन टेकवली. दुसरीचं टोक पहिलीच्या नक्षीच्या चढउतारांप्रमाणे, तेवढ्यासाठी दुकानातून आणलेल्या बारीक करवतीने कोरलं, पॉलिश पेपर मारला आणि पहिलीवर बसवलं. भिंत वाकडी असो नाहीतर रुसलेली असो, जोड बंद.

हे तुकडा कापल्याचा आवाज ऐकून बाहेर आले. मला शिडीवर बघितलं आणि पट्टीचं दुसरं टोक धरून उभे राहिले. तसे ते पुढचे चार दिवस उभे होते. (खांदा त्यातच गेला. आठ फुटांची पट्टी, डोक्यावर हात, आणि मी खालून सांगतेय, “अजून एक सूत वर.” यांनी एकदाही हात खाली घेतला नाही. एकदा शिंकले, पण पट्टी धरून शिंकले.) आत जाणारे कोपरे तसे झाले. खांबाचे बाहेर येणारे दोन मात्र कोरून चालत नाहीत, तिथे तोंडाला तोंडच लागतं. तिथे कागदाची घडी खांबावर घेतली आणि तीच मधोमध पुन्हा दुमडली, म्हणजे जो काही कोन असेल त्याचा बरोबर अर्धा हातात आला. अंशांची गरजच पडली नाही. पट्टीला तो कागद चिकटवून त्याच्या कडेने कापलं. चौथ्या दिवशी शेवटचा तुकडा बसला. हे शिडीवरून उतरले, खोलीच्या मध्ये उभे राहिले आणि एक पूर्ण गिरकी घेतली. मग खुर्चीत बसून म्हणाले, “घर सरळ झालं.” मी सांगणार होते की घर होतं तसंच आहे. नाही सांगितलं.

सुतार पाचव्या दिवशी शिडी आणि पेटी न्यायला आले. दारात चप्पल काढता काढता त्यांची नजर वर गेली आणि एक चप्पल पायातच राहिली. ते शिडी लावून वर चढले, खांबाच्या कोपऱ्यावरून नख फिरवलं, नख कुठे अडकलं नाही.

“हे कुणी केलं?” त्यांनी विचारलं.

“ब्लाउज शिवणाऱ्या बाईने,” हे म्हणाले. यांच्या आवाजात एवढी ऐट मी लग्नातसुद्धा ऐकली नव्हती.

सुतारांनी पिवळे कागद बघायला मागितले, एकेक उलटसुलट केला आणि माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली, स्वतःची कानावर होती तरी. सगळं समजावून घेतलं. जाताना म्हणाले, “मी त्या दिवशी बोललो ते घराबद्दल नव्हतं.” आमच्याकडून त्यांना सगळं माफ झालं.

टायवाल्यांचाही फोन आला. साहेबांशी बोलून सत्तावीसपर्यंत खाली येतो म्हणाले. मी विचारलं, कोपऱ्यांचं काय? ते म्हणाले, कोपरे फिक्स आहेत. मी म्हटलं, आमचेही.

आता एकूण ऐका. पट्ट्या सात आणि वाया गेल्या म्हणून आणलेल्या दोन, अशा नऊ, तीन हजार नऊशे पंधरा. चिकटवायचं सामान पाचशे चाळीस. करवत एकशे ऐंशी. सुतारांचे पंधराशे. रंग घरातला उरलेला. सहा हजार एकशे पस्तीस, आणि तेही यांनी स्वतःच्या पेन्शनमधून दिले. माझ्या चोवीस हजारांना कुणी बोट लावलं नाही. मशीन परवा घरी आलं. मी जे काही शिवते त्याची कड आता बाहेरूनही बघण्यासारखी असते, आणि हे ग्राहकांना आधी छत दाखवतात, मग कड.

घरातल्या सगळ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. पट्टा लावा.

तुमची भावजय

ता.क. सुतार काल पुन्हा आले होते. त्यांनी एका बंगल्याचं काम घेतलंय, अकरा खोल्या, एकही भिंत धड नाही. प्रत्येक कोपऱ्याला पाचशे देतो, फक्त कोपरे करून द्या म्हणाले. मी सहाशे सांगितले. ते लगेच हो म्हणाले, तेव्हापासून मला सातशे न सांगितल्याची चुटपुट लागली आहे. सोमवारपासून पंधरा दिवस मी तिकडे.

ता.क. २. म्हणून मुख्य मुद्दा. शाळेचे साठ शर्ट माझ्याकडे शिवून तयार आहेत, फक्त काजं आणि बटणं राहिली आहेत. तुमच्यासारखी काजं आपल्या घरात कुणाची नाहीत. हे तोंडदेखलं नाही, मी लग्न होऊन आले तेव्हापासून हेच म्हणत आले आहे. खुर्चीत बसून करायचं काम आहे, पाठीला त्रास नाही. रविवारचं तिकीट सोबत पाठवते आहे, ते परत होत नाही, मी विचारून आले.

ता.क. ३. तुमच्या बंधूंना वाटतंय तुम्ही पट्टी बघायला येताय. तसंच वाटू द्या. आल्या आल्या वर बघून चांगलं म्हणा, मगच पाणी मागा. आठांपैकी कपाटावरचा कोपरा मी सगळ्यात आधी केला, म्हणजे त्याच्यावर शिकले, आणि तो तुम्हाला दिसेल. येताना चष्मा आणा. काजांसाठी लागेल. छताकडे बघताना तेवढा काढून ठेवा.