आपोआप पसंत

३ फेब्रुवारी
बालाजीचं लग्न आजपासून मी हातात घेतलं. नातू तेहतीस वर्षांचा झाला, जेसीबी चालवतो, पण पोरीपुढं तोंड उघडत न्हाई. लग्नाच्या ॲपवरचं त्याचं खातं सुनेनं, उमानं, माझ्याबी मोबाईलवर चालू करून दिलं. पोरीचा फोटो येतो, खाली बदाम. बदाम दाबला की तिच्याकडं 'पसंत' असा निरोप जातो, लगेच पुढची पोरगी येती. अक्षयतृतीयेच्या आत नातसून आणते.

४ फेब्रुवारी, दुपार
एकबी पोरगी धड न्हाई. एक लई हसती. एक मोटरसायकलवर बसलीय, तीबी दुसऱ्याच्या. उमा म्हणाली, "आत्याबाई, पोरगी बघायलात का म्हैस?" म्हणलं, म्हशीत मी कधी फसले न्हाई.

६ फेब्रुवारी
शेवटी थोड्या बऱ्या पोरी पसंत केल्या. एकीचंबी उत्तर न्हाई. एवढा माज! आता निवड बंद. सगळ्यांना दाबायचं. अंगठा सुजला.

८ फेब्रुवारी
शेजारचा दयानंद मोबाईलच्या खेळात खोटी शेती करतो, खरी पडीक हाय. त्याच्याकडं आपोआप दाबणारं ॲप हाय. एक गोल असतो, ठेवला तिथं टकटक दाबत बसतो. माझ्या बदामावर ठेवून दिला. म्हणाला, "आजी, जरा लक्ष ठिवा." लक्षच ठेवायचं तर मशीन कशाला? मोबाईल चार्जिंगला लावून कीर्तनाला गेले.

११ फेब्रुवारी
लोहा, नांदेड, चाकूर, कुणी सुटलं न्हाई. एकीनं लिहिलं, "दादा, मागच्या वर्षी माझ्या लग्नात तुम्हीच पंगत वाढली ना?" मग फोटो काढून टाक की बाई!

१३ फेब्रुवारी
चाकूरहून नरसिंगराव म्हणून कुणाचा फोन आला. त्यांची पोरगी, नाव राजकन्या, एसटीत कंडक्टर. म्हणाले, "तुमच्या पोरानं माझ्या पोरीला पसंत केलं, आम्हाला बरं वाटलं. मग तिच्या चुलत बहिणीला केलं. काल तिच्या आत्याला. नेमकी पाहिजे कोण?"
बालाजीचं तोंड उतरलं. माझा मोबाईल हिसकला, गोल काढून टाकला. म्हणाला, "आज्जे, राजकन्येला तर मी..." पुढचं ऐकायला सवड नव्हती, सकाळच्या बससाठी पिशवी भरायची होती. उमा म्हणाली, त्यालाच जाऊ द्या. त्याला काय बोलता येतंय?

१४ फेब्रुवारी
चाकूरला जाऊन आले. पोरगी झकास. चहात साखर बेताची. सगळं खरं सांगितलं, चूक मशीनची. नरसिंगराव पोट धरून हसले. जमतच आलं होतं. राजकन्या म्हणाली, "आजी, एवढंच सांगा. मला कुणी पसंत केलं? त्यांनी का मशीननं?"
एवढा मान मशीनला कसा द्यायचा? म्हणलं, "तुला मी निवडली, बाई. बालाजीला यातलं काय कळतंय!"
पोरगी कप उचलून आत गेली. लाजली असंल. काम फत्ते.

१६ फेब्रुवारी
नरसिंगरावांचा निरोप आला. पोरगी नको म्हणती. का, ते सांगत न्हाई. आजकालच्या पोरींचं काय खरं न्हाई. बालाजीला म्हणलं, जाऊ दे, गोल परत लावू.
तो म्हणाला, "आज्जे, तुझ्या मशीनच्या आधी मी एकदाच बदाम दाबला होता. तिलाच."
जेवला न्हाई. वरण चांगलं झालं होतं.