बदकाचं पुस्तक कपाटावर

ताई,

हे गाडी काढताहेत, म्हणून घाईत लिहितेय. चिठ्ठी पिठाच्या डब्यात ठेवलीय, कारण ठकी हल्ली दिसेल ते वाचत सुटते. काल माझी दवाखान्याची फाईल मांडीवर घेऊन बसली होती. 'ऑ-प-रे'पर्यंत पोचली, तेवढ्यात मी दूध उतू गेल्याचं सोंग करून तिला आत पळवलं.

तिच्या उशाशी कासव, अस्वल आणि शिंकणारा हत्ती ही तीन पुस्तकं ठेवलीयत. मोठी अक्षरं आहेत, पानावर एकच ओळ. बदकाचं पुस्तक मात्र कपाटावर टाकलंय. त्यात आई तळ्यापलीकडे जाते आणि पिल्लं वाट बघत बसतात. विकत घेताना गोड वाटलं होतं. डोळे फुटले होते माझे!

ती अडली तर लगेच सांगू नकोस. शब्दाखाली बोट ठेव आणि गप्प बस. तुला जड जाईल, ठाऊक आहे मला. चित्र बघून काहीही ठोकून देते, तेव्हा चित्र हाताने झाक.

हत्तीच्या शेवटच्या पानाला क्लिप लावलीय. ते मी घरी आल्यावर दोघींनी मिळून वाचायचं ठरलंय. तिने कितीही हट्ट केला तरी काढू नकोस.

ताई, माझे हातपाय गार पडलेत. ह्यांना बोलले नाही.

मला यायला जमलंच नाही, तर क्लिप तू काढ. पण वाचू दे तिलाच. आणि तेव्हा रडू नकोस. तिला वाटेल, आपलंच वाचताना चुकलं.