आईचा नवा गुडघा आन आबा

मंगळवार, सुरत

डॉक्टरनं बजावलंय, गुडघा नवा बसवलाय, जमिनीवर बसायचं न्हाई. पन माझे थोरले चुलते, आबा, घरी आले की आई खुर्ची सोडून खाली बसते. थोरल्या दिरापुढं खुर्चीवर कसं बसायचं म्हणं! किती भांडू फोनवर?

आज दुपारी आबांनाच फोन लावला. "आबा, तिला खुर्चीवर बस म्हना की."

"रोज म्हनतो, पोरा. ऐकतीय व्हय ती?"

माझं डोकं फिरलं. "मग तुमीच येऊ नका."

आत्ता आईचा फोन. आबा दारातूनच विचारपूस करून गेले, चहासुद्धा न्हाई घेतला. "लई शाना झालास!" म्हनली आन फोन ठेवला.

वाचला असंल गुडघा. पन दिवाळीत आबांच्या घरी कुठल्या तोंडानं जाऊ?